डोंगरातली एल्कची शिकार: प्लॅनिंग शेवटाकडून सुरू करा

अमेरिकेतल्या रॉकी माउंटन्समध्ये एल्कच्या (हे तिथलं मोठं हरीण) शिकारीला जायचं ठरलं की नवीन माणूस आधी रायफल, स्कोप आणि कपडे यांच्या मागे लागतो, महिनोन्‌महिने त्याच्यावरच चर्चा चालते. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा आहे. डोंगरात मोठ्या जनावराची शिकार ठरवताना पहिला प्रश्न एकच, पाडलेलं जनावर खराब न होता खाली रस्त्यापर्यंत आणणार कसं? याचं उत्तर सापडलं की कुठल्या दरीत जायचं, किती आत घुसायचं, सोबत किती जण हवेत, कुठला महिना धरायचा, घोडे लागतील का, हे सगळं एकेक करून सुटत जातं. आणि उत्तर नसेल तर सामान कितीही भारी असू दे, शेवटी चांगलं मांस डोंगरात कुजतं, आणि हे मला तरी अजिबात सहन होत नाही.

आता आकडे बघा. पूर्ण वाढलेला नर, ज्याला सगळे बुल म्हणतात, साधारण ३०० किलोच्या आसपास भरतो. हाडं काढून निव्वळ मांस निघतं ९० ते १२० किलो. पाठीवर २५-३० किलो घेऊन तीव्र उतारावरून, आडव्या पडलेल्या झाडांवरून चालणं हे धडधाकट माणसाचंच काम आहे, म्हणजे एकट्या माणसाला चार फेऱ्या तरी धराच, डोकं आणि शिंगं आणायची असतील तर पाचवी. गाडी ५ किमी लांब आहे असं समजा. चार वेळा वजन घेऊन खाली, तीन वेळा रिकाम्या पाठीने परत वर, झाले ३५ किमी, त्यातले २० ओझ्यासकट. हे एका दिवसात होत नाही, बऱ्याच जणांना दोन दिवसांतही होत नाही, आणि तेवढ्या वेळात सप्टेंबरचं ऊन असेल तर मांसाचं काय होईल ते सांगायला नको.

चालायच्या वेळेचा अंदाज बांधायला गिर्यारोहकांचा एक जुना नियम आहे, नेस्मिथचा, १८९२ सालचा, अजूनही वापरतात: सपाटीवर ताशी ५ किमी धरा आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास वाढवा. पण हा नियम पायवाटेवरून हलक्या सॅकने चालणाऱ्या माणसाचा आहे. वाट नसलेलं जंगल, घसारा, खांद्यावर रायफल, पाठीवर मांस असं असेल तर आलेल्या उत्तराची सरळ दुप्पट करा. मी तर म्हणेन की एकटे असाल आणि पहिलीच वेळ असेल तर गाडीपासून दोन-तीन किमीच्या पलीकडे शिकार करूच नका, भले तिथून लांबच्या धारेवर कितीही मोठा बुल दिसू दे. तिघं-चौघं असाल तर ही मर्यादा वाढते. घोडे किंवा लामा (उंटाच्या कुळातलं, ओझं वाहणारं जनावर) असतील तर आणखी वाढते, लामा साधारण २५ ते ३५ किलो आरामात वाहतो आणि त्याला सांभाळायला घोड्याइतकं कसब लागत नाही. तिसरा मार्ग म्हणजे आउटफिटर, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सोय करून देणारे. यातही प्रकार आहेत, पूर्ण गाइडेड ट्रिप असते जिथे गाइड दिवसभर सोबत राहतो, आणि ड्रॉप कॅम्प असतो जिथे ते तुम्हाला आणि सामानाला घोड्यांवरून आत नेऊन सोडतात, शिकार तुमची तुम्ही करायची आणि मांस काढायला ते परत येतात. स्वतः शिकायचंय पण मांस वाया घालवायचं नाही अशा माणसाला ड्रॉप कॅम्प मला सगळ्यात योग्य वाटतो. फक्त पैसे भरायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्या, की निरोप दिल्यावर किती तासांत घोडे येतील, कारण काही जण ठरलेल्या दिवशीच येतात आणि तुमचं जनावर त्याच्या तीन दिवस आधी पडलेलं असू शकतं.

महिना कुठला हेही मांसावरूनच ठरवता येतं. सप्टेंबरमध्ये एल्क माजावर असतात, बुल मोठमोठ्याने ओरडतात (बगलिंग म्हणतात त्याला), आवाजावरून सापडतात, आवाज काढून बोलावताही येतात, म्हणून हा महिना सगळ्यांच्या आवडीचा. पण दिवसा गरम होतं. कोलोरॅडोत हा महिना मुख्यतः धनुष्यबाणवाल्यांचा, रायफलचे सीझन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तेव्हा थंडी मांसाला चांगली, पण एल्क गप्प झालेले असतात आणि एका रात्रीत गुडघाभर बर्फ पडू शकतो, मग आत नेलेली गाडी तिथेच अडकते. बर्फ जास्त झाला की एल्क उंचावरून खाली सरकतात, त्यामुळे सीझनच्या शेवटी ठरवलेली जागा रिकामी निघाली तर दुसरी, कमी उंचीवरची जागा आधीच शोधून ठेवलेली पाहिजे.

आता टॅग, म्हणजे एक जनावर मारायची सरकारी परवानगी. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून जरा सावकाश सांगतो. अमेरिकेत जंगली जनावरं जमिनीच्या मालकाची नसतात, राज्य ती लोकांच्या वतीने सांभाळतं. प्रत्येक राज्य आपल्या जमिनीचे युनिट पाडतं, त्या युनिटमध्ये किती जनावरं आहेत, नर-मादीचं प्रमाण काय, यावरून किती मारायला परवानगी द्यायची ते ठरवतं, आणि त्या हिशोबाने टॅग काढतं. एक टॅग म्हणजे एक जनावर, ठरलेल्या युनिटमध्ये, ठरलेल्या तारखांत, ठरलेल्या हत्याराने. चांगल्या युनिटला मागणी जास्त म्हणून ड्रॉ काढतात. नंबर लागला नाही तर बऱ्याच राज्यांत पॉइंट मिळतो. प्रेफरन्स पॉइंट असेल तर ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी, सरळ रांग. बोनस पॉइंट असेल तर पॉइंट जितके जास्त तितकी शक्यता वाढते, पण खात्री नाही. न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत, दरवर्षी सगळ्यांची पाटी कोरी. हे सगळं समजून घ्यायचं कारण असं की ऑक्टोबरच्या शिकारीच्या ड्रॉचा अर्ज वसंतातच भरावा लागतो, कोलोरॅडोची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते, वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्यांची एल्कची मुदत त्याच्याही आधी, हिवाळ्यातच. जून-जुलैमध्ये जागे झालात तर बहुतेक वेळा उरलेसुरले टॅगच मिळतात. खर्चही बघा, कोलोरॅडोत बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एल्कचा टॅग ८०० डॉलरच्या घरात पडतो, तिथल्या रहिवाशाला याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स पास झाल्याचं कार्ड दाखवल्याशिवाय तिथे लायसन्स मिळत नाही.

एवढे नियम कशाला असं वाटेल, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार कत्तलीमुळे पूर्ण उत्तर अमेरिकेत एल्क एक लाखाच्याही खाली गेले होते, आज ते दहा लाखांच्या घरात आहेत. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायदा आला, त्याने रायफल आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर सरळ वन्यजीव संवर्धनाला जायला लागला. लायसन्सचे पैसे आणि हा कर यांच्यावरच राज्यांच्या वन्यजीव खात्यांचं बरंचसं काम चालतं. म्हणून टॅगचे नियम काटेकोर पाळणं मला मनापासून महत्त्वाचं वाटतं, ही सिस्टिम टिकली तरच जनावर टिकणार.

दोन नियम मात्र प्लॅन करताना डोळ्यांसमोर ठेवाच. वायोमिंगमध्ये बाहेरच्या माणसाला घोषित वाइल्डरनेस भागात (कायद्याने राखून ठेवलेल्या रानात) गाइड किंवा स्थानिक रहिवासी सोबत असल्याशिवाय मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. अलास्कात बाहेरच्यांना तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि माउंटन गोट यांच्यासाठी गाइड किंवा तिथे राहणारा जवळचा नातेवाईक लागतोच, आणि विमानाने आत गेलात तर त्याच दिवशी मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. १९६४ च्या कायद्याने घोषित झालेल्या वाइल्डरनेसमध्ये मोटार तर नाहीच, मांस ओढायची चाकाची हातगाडीसुद्धा चालत नाही, त्यामुळे परत आपला पहिलाच प्रश्न समोर येतो.

नकाशावर बसताना आधी जमीन कोणाची ते बघा. पश्चिमेकडच्या राज्यांत सरकारी जमीन प्रचंड आहे, पण काही ठिकाणी ती बुद्धिबळाच्या पटासारखी खासगी जमिनीत मिसळलेली आहे, एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौकोन दिले गेले त्याचा हा परिणाम. दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्यात टेकत असतील तर त्या कोपऱ्यावरून पाऊल टाकणं कायदेशीर आहे का यावर वर्षानुवर्षं भांडणं चालली, २०२५ मध्ये वायोमिंगच्या एका केसमध्ये फेडरल अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. पण तो निकाल त्या कोर्टाच्या हद्दीतल्या राज्यांपुरताच आहे, मोंटाना आणि आयडाहो त्यात येत नाहीत. जमिनीच्या सीमा दाखवणारं ॲप फोनमध्ये घ्या आणि निघायच्या आधी तो नकाशा ऑफलाइन सेव्ह करा, आत नेटवर्क नसतं.

मग कंटूर, म्हणजे नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा, वाचायच्या. रेषा जवळजवळ असतील तिथे कडा, लांब असतील तिथे सपाटी, एवढं तर सगळ्यांना येतं. एल्कसाठी बघायचं ते असं: उत्तरेकडे तोंड असलेला उतार, कारण तिथे ऊन कमी, झाडी दाट आणि गारवा, दिवसा ते तिथे विसावतात. उताराच्या मध्येच एखादा सपाट पदर असेल तर तिथे बसलेले सापडायची शक्यता फार चांगली. त्याच्या जवळ मोकळं गवत, जिथे पहाटे आणि संध्याकाळी चरायला निघतात. आसपास पाणी. आणि दोन दऱ्यांना जोडणारी खिंड, जिथून ये-जा होते. या चारही गोष्टी एक-दीड किमीच्या आत आल्या की तिथे खूण करा. अशा चार-पाच जागा हव्यात, एकच नको, कारण सकाळी पोचाल तर तिथे आधीच तीन गाड्या उभ्या असू शकतात. प्रत्येक खुणेपासून गाडीपर्यंतची मांस काढायची वाट नकाशावर आखून ठेवा. ती वाट वर चढत असेल, म्हणजे जनावर खोल दरीत आणि गाडी माथ्यावर असं असेल, तर मी ती जागा यादीतून काढून टाकतो.

प्रत्यक्ष गेल्यावर दिवसाचा मोठा भाग बसून जातो. समोरचा उतार दिसेल अशा जागी, उजाडायच्या आधी, १० बाय ४२ची दुर्बीण ट्रायपॉडवर लावून. हातात धरलेली दुर्बीण हलते आणि हलत्या चित्रात झाडीतला कान किंवा शिंगाचं टोक दिसत नाही, म्हणून ट्रायपॉडला पर्याय नाही. उताराचे मनातल्या मनात पट्टे पाडायचे आणि एकेक पट्टा सावकाश बघायचा. अख्खं जनावर शोधायला जाऊ नका, झाडांच्या उभ्या रेषांमध्ये एखादी आडवी रेष दिसते, तीच पाठ असते.

आणि वारा. एल्कची नजर चुकवता येते, कान एकदा चुकवता येतात, नाक चुकवता येत नाही. डोंगरातला वारा हवामानाच्या अंदाजात सांगतात तसा वागत नाही, तो तापमानावर चालतो. रात्री आणि पहाटे थंड, जड हवा उतारावरून घळीतून खाली वाहते. सूर्य उतारावर पडला, जमीन तापली की हीच हवा वर चढायला लागते. संध्याकाळी सावली पडली की परत खाली. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी जनावराच्या खालच्या बाजूने जायचं आणि दिवसा वरच्या बाजूने. खरा त्रास मधल्या वेळेत, साधारण सूर्य वर आल्यावर दोनेक तासांनी, हवा वळताना. तेव्हा ती ठरवून कुठेच जात नाही, गोल फिरते, आणि तुमचा वास नको तिथे पोचतो. पावडरची छोटी बाटली जवळ ठेवतात, दाबली की भुकटी उडून हवेची दिशा दाखवते. ही बाटली दर काही मिनिटांनी दाबत राहा आणि भुकटी गोल फिरताना दिसली की तिथेच थांबा, भले एल्क १५० मीटरवर असू दे. अर्धा तास थांबलात तर हवा स्थिर होते आणि ते बहुतेक तिथेच असतात. घाई केलीत आणि एका मादीला वास लागला की अख्खा कळप डोंगर ओलांडून जातो, परत त्या दिवशी दिसत नाही.

शरीराची तयारी आधी सहा महिने तरी सुरू करा, ओझं घेऊन चढणं आणि उतरणं दोन्ही, कारण गुडघे उतरताना जातात. पण फिटनेस कितीही असला तरी उंचीवरच्या विरळ हवेची सवय त्याने होत नाही. साधारण २५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं, आणि एल्कची बरीच जागा ३००० मीटरच्या आसपास किंवा वर आहे. सखल भागातून येणाऱ्याने सीझनच्या दोन-तीन दिवस आधी पोचून मधल्या उंचीवर मुक्काम करावा. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, माणूस बरळायला किंवा झोकांड्या खायला लागला तर सकाळची वाट बघू नका, लगेच खाली उतरवा. कपड्यांचं एका ओळीत सांगतो, सुती काहीच नको, लोकर किंवा सिंथेटिक, कारण भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब काढून घेतं आणि उंचीवर दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांच्या आसपास घसरतं. आणि रायफल सीझनला कोलोरॅडोत कमरेच्या वर ५०० चौरस इंच झगझगीत केशरी किंवा गुलाबी रंग अंगावर लागतो, टोपीसकट.

गोळी झाडायचा क्षण आला की डोंगर आणखी एक गोष्ट मध्ये आणतो, कोन. समजा रेंजफाइंडरने (अंतर मोजायचं यंत्र) सरळ रेषेत ४०० मीटर दाखवले आणि जनावर ३० अंश खाली आहे. गुरुत्वाकर्षण गोळीला ओढतं ते साधारण आडव्या अंतराच्या हिशोबाने, आणि ३० अंशांचा कोसाइन ०.८६६ धरला तर आडवं अंतर भरतं ३४६ मीटर. तुम्ही ४०० चा नेम धरलात तर गोळी वरून जाणार. गंमत अशी की वर झाडा किंवा खाली, दोन्ही वेळा ती वरच जाते. कोनाचा हिशोब करून देणारे रेंजफाइंडर आता सहज मिळतात, ते घ्या. वारा मात्र पूर्ण ४०० मीटरभर गोळीला ढकलत राहतो, त्याला कोनाची सूट नाही. दरीत वारा तुमच्याकडे एका दिशेने आणि मध्ये दुसऱ्या दिशेने असू शकतो, म्हणून नव्या माणसाने २५०-३०० मीटरच्या पुढे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तेही सॅकवर रायफल टेकवून. ट्रिगर दाबायच्या आधी आणखी एक बघायचं, जनावर कुठे आहे ते नाही, गोळी लागल्यावर ते कुठे जाऊन पडेल ते. कड्याच्या तोंडाशी उभं असेल तर सोडून द्या.

गोळी लागली की लगेच धावत जायचं नाही. जखमी जनावर बसलेलं असतं, तुम्हाला बघून उठलं की दोन दऱ्या पलीकडे जातं. अर्धा तास थांबा, जिथे गोळी लागली ती जागा एखाद्या ठळक झाडाच्या खुणेने लक्षात ठेवा, मग तिथून रक्ताचा माग काढा. पडलं की आधी टॅगचं काम, मग लगेच कातडी, कारण एल्कच्या अंगावरची ती जाड गोधडी आतली ऊब धरून ठेवते आणि मांस खराब व्हायला सुरुवात होते ती बाहेरून दिसत नाही, मागच्या मांडीत, खुब्याच्या हाडाजवळ. बाहेर बर्फ असला तरी हे होतं.

डोंगरात बहुतेक जण पोट न फाडता काम करतात. जनावर एका कुशीवर, उतारावर घसरू नये म्हणून दोरीने झाडाला बांधलेलं. पाठीच्या कण्यावरून सुरीने कातडी चिरून खालच्या दिशेने सोलत यायचं, पुढचा पाय खांद्यापासून सुटतो (तिथे सांधा नसतो, नुसतं मांस कापलं की पाय हातात येतो), मागचा पाय खुब्याच्या वाटीपासून सोडवायचा, कण्याच्या बाजूची लांब पट्टी म्हणजे बॅकस्ट्रॅप, मानेचं मांस, आणि शेवटी बरगडीच्या मागून हात घालून आतली मऊ पट्टी. मग कूस पालटून तेच परत. एका अनुभवी माणसाला दोनेक तास, नव्याला चार. प्रत्येक तुकडा हवा खेळती राहील अशा कापडी गेम बॅगमध्ये, प्लास्टिकमध्ये कधीच नाही, आणि सावलीत फांदीला टांगून. रात्रीतून ४ अंशांच्या खाली गेलं तर उत्तम. हाडं तिथेच काढली तर वजन कमी होतं आणि मांस लवकर गार होतं, फक्त नर की मादी हे कळेल असा अवयव एखाद्या तुकड्याला जोडलेला ठेवावा लागतो, बऱ्याच राज्यांत तसा नियम आहे. अलास्काच्या काही भागांत तर मांस बाहेर आणेपर्यंत हाडावरच ठेवावं लागतं, तिथे वजनाचा हिशोब वेगळा करा.

वायोमिंग, मोंटाना, आयडाहोच्या काही भागांत ग्रिझली अस्वलं आहेत. मांसाच्या पिशव्या उरलेल्या सांगाड्यापासून १०० मीटर तरी लांब, मोकळ्या जागेत, दुरून दिसतील अशा ठेवा. दुसऱ्या फेरीला येताना लांबूनच दुर्बिणीने बघा, आवाज करत या, अस्वलाला पळवायचा स्प्रे सॅकच्या आत नको, कमरेला हवा. अस्वलाने मांसाचा ताबा घेतला असेल तर ते मांस गेलं असं समजा. सॅटेलाइट मेसेंजर (नेटवर्क नसतानाही निरोप पाठवणारं यंत्र) सोबत घ्या आणि घरी एका माणसाकडे कागद ठेवा, गाडी कुठे लावणार, कुठल्या दरीत जाणार, कितव्या दिवशी किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शेरीफच्या ऑफिसला फोन करायचा. फेऱ्यांच्या दुसऱ्या दिवशी माणूस थकलेला असतो आणि पाय मुरगळतो तो तेव्हाच.

खाली पोचल्यावर एक काम उरतं, क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची टेस्ट. हा हरणांच्या कुळातला मेंदूचा रोग, १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रोटीनमुळे होतो आणि शिजवल्याने तो प्रोटीन मरत नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मांस खाऊ नका असाच अधिकृत सल्ला आहे. टेस्टला डोकं किंवा घशाजवळच्या लिम्फ ग्रंथी लागतात, काही राज्यांत ग्रंथी स्वतः काढून दिल्या तरी चालतात, त्यामुळे पाचवी फेरी वाचते. मेंदू आणि कणा राज्याच्या सीमेपलीकडे न्यायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, हाड काढलेलं मांस आणि साफ केलेली शिंगं चालतात, घरच्या राज्याचा आणि वाटेतल्या राज्यांचा नियम आधी बघून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत पाकिटांवर जनावराचा टॅग नंबर लिहून ठेवा आणि दोन जणांची जनावरं असतील तर कापताना, खिमा करताना एकमेकांत मिसळू देऊ नका, कटिंगला दुसरीकडे देणार असाल तर त्यांनाही हे आधीच सांगा, नाहीतर एकाचा रिपोर्ट खराब आला की दोघांचंही मांस टाकावं लागतं.